बँडच्या पहिल्या अल्बमचे परीक्षण कसे लिहावे

आपल्याकडे ‘बँड’ म्हटले की वरातीपुढचा पितळी बाजा आठवतो, आणि ‘परीक्षक’ म्हटले की खंजिरी भजन स्पर्धेत टेबलाशी बसून सूर, ताल आणि शब्दोच्चार यांच्या रकान्यांत गुण भरणारे गुरुजी. त्यामुळे वर्धा किंवा यवतमाळ जिल्ह्यातल्या एखाद्या गावची चार-पाच मुले गिटार, कीबोर्ड आणि खंजिरी घेऊन नागपूरच्या स्टुडिओत आठ-दहा गाणी ध्वनिमुद्रित करतात आणि तो आपला पहिला अल्बम म्हणून लोकांपुढे ठेवतात, तेव्हा त्याविषयी लिहायचे कोणी आणि कसे, हा प्रश्न तालुक्याच्या साप्ताहिकापुढे खरोखरच उभा राहतो. मी काही वर्षे अशा लेखनाचा उद्योग केला आहे, आणि त्यात केलेल्या चुका नव्याने लिहू पाहणाऱ्याने टाळाव्यात म्हणून ही पद्धत मांडतो आहे. ज्याने तो अल्बम ऐकलेला नाही त्याला त्यात काय आहे हे कळावे, आणि लिहिणाऱ्याचे मत पटले नाही तरी स्वतःचे मत बनवण्याइतका ऐवज त्याच्या हाती लागावा, एवढी अपेक्षा परीक्षणाकडून ठेवावी. पुढचे सगळे या अपेक्षेतूनच येते.

ऐकण्याआधीचा कागद

गाणे सुरू करण्यापूर्वी एका कागदावर कोरडी माहिती उतरवून घ्यावी. अल्बमचे नाव, गाण्यांचा क्रम, प्रत्येकाची लांबी, गीतकार, संगीतकार, गायक, वादक, ध्वनिमुद्रण कुठे झाले आणि ते प्रसिद्ध कधी झाले, एवढे तरी त्यात असावे. हे काम कंटाळवाणे आहे, पण ते टाळल्यामुळे भले भले फसले आहेत. मिली व्हॅनिली या जोडीला १९९० मध्ये सर्वोत्कृष्ट नवोदित कलाकाराचे ग्रॅमी पारितोषिक मिळाले आणि त्याच वर्षी ते काढून घेण्यात आले, कारण अल्बमवरचा आवाज त्या दोघांचा नव्हताच. निर्माता फ्रँक फारियन याने ती गाणी दुसऱ्याच गायकांकडून गाऊन घेतली होती. जॅक्सन फाइव्ह या पाच भावांच्या बँडच्या डिसेंबर १९६९ मधल्या पहिल्या अल्बमच्या नावातच ही मुले गायिका डायना रॉस सादर करीत आहेत असे म्हटले होते, पण त्यांना मोटाउन या ध्वनिमुद्रिका कंपनीपर्यंत पोहोचवण्यात बॉबी टेलर या गायकाचा मोठा वाटा होता. मुखपृष्ठ हे जाहिरातीचे साधन आहे आणि ते तसेच वाचावे.

आपल्याकडे हा घोळ बहुधा अरेंजरच्या बाबतीत होतो. स्टुडिओतला अरेंजर कीबोर्ड वाजवतो, ताल रचतो, प्रसंगी अंतऱ्याची चालही दुरुस्त करतो, आणि छापताना मात्र ‘संगीत’ या शब्दापुढे बँडचेच नाव येते. बँडच्या मुलांना हा प्रश्न सरळ विचारावा. ती खोटे बोलत नाहीत, त्यांना कोणी विचारलेलेच नसते. दुसरी गाठ ‘पहिला’ या शब्दाची. हीच मुले चार वर्षांपूर्वी भजन मंडळ म्हणून एक सीडी काढून बसलेली असू शकतात. अशा वेळी ‘या नावाने काढलेला पहिला अल्बम’ असे लिहिले की भांडण मिटते. ॲबा म्हणून ज्यांना जग ओळखते त्या स्वीडिश चौकडीचा १९७३ चा ‘रिंग रिंग’ हा पहिला अल्बमही चौघांच्या स्वतंत्र नावांनिशी आला होता आणि ॲबा हे नाव नंतर रूढ झाले. तरी तो त्यांचा पहिलाच मानला जातो.

हा कागद भरताना दुसऱ्या कोणाचे मत वाचू नये, आणि बँडलाही ‘तुमचे आवडते गाणे कोणते’ असे विचारू नये. ते उत्तर कानात राहते आणि मग ते गाणे चांगलेच वाटू लागते.

ऐकावे कसे

गावात ऐकण्याची वेळ ठरवावी लागते. सकाळी आठ वाजता चक्की सुरू होते, त्यापूर्वी देवळाचा भोंगा असतो, दुपारी लाइन जाते आणि लाइनीबरोबर मोबाइलची रेंजही जाते. मी गाणी आदल्या दिवशीच, उपलब्ध असलेल्या सर्वांत चांगल्या दर्जात, उतरवून ठेवतो आणि रात्री साडेदहानंतर ऐकतो. इअरफोन दोन्ही कानांत घालावेत. वावरात काम करताना एक कान हाकेसाठी मोकळा ठेवण्याची आपली सवय इथे नडते, कारण गिटार फक्त डाव्या बाजूला आणि खंजिरी फक्त उजव्या बाजूला ठेवलेली असेल, तर अर्धा अल्बम ऐकलाच जात नाही.

पहिल्यांदा सगळी गाणी दिलेल्या क्रमाने, न थांबता आणि काही न लिहिता ऐकावीत. या ऐकण्यात काय आवडले याला मी फारसे महत्त्व देत नाही. लक्ष कुठे उडाले, हे मात्र लक्षात ठेवतो. दुसऱ्यांदा वही घेऊन बसावे आणि प्रत्येक नोंदीपुढे मिनिट आणि सेकंद लिहावेत. ‘तिसरे गाणे, १:४२, अंतरा संपताना आवाज खाली जातो’ अशी नोंद चार दिवसांनीही उपयोगी पडते. ‘तिसऱ्या गाण्यात गोडवा कमी’ ही नोंद दुसऱ्या दिवशीच निरुपयोगी होते. प्रत्येक गाण्याचा मुखडा, अंतरे आणि मधले संगीत यांच्या वेळा टिपाव्यात, ताल केरव्यासारखा आठ मात्रांचा आहे की दादऱ्यासारखा सहा मात्रांचा, ते लिहावे, आणि घड्याळ लावून पंधरा सेकंदांतले ठोके मोजून त्यांना चाराने गुणावे. पंधरा सेकंदांत तीस ठोके पडले तर गाण्याची गती मिनिटाला १२० ठोके आहे.

ही मोजणी गाण्याच्या सुरुवातीला एकदा आणि शेवटाकडे एकदा, अशी दोनदा करावी, आणि याबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण विदर्भातल्या बँडबाबत सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट मला इथेच सापडली आहे. गुरुकुंज मोझरीच्या परंपरेत वाढलेल्या, तुकडोजी महाराजांच्या खंजिरीची सवय झालेल्या कानाला भजनाची लय चढत जाणे हे स्वाभाविक वाटते. भजन संथ सुरू होते, मंडळी रंगत जातात आणि शेवटी टाळ्या आणि खंजिरी इतक्या जलद होतात की शब्द मागे पडतात. स्टुडिओत मात्र वादकाच्या कानात यंत्राचा टिकटिक ठोका चालू असतो आणि तो पहिल्या क्षणापासून शेवटच्या क्षणापर्यंत एकाच गतीने पडतो, कारण वेगवेगळ्या दिवशी वाजवलेली वाद्ये एकमेकांवर नीट बसावीत अशी ती सोय आहे. परिणामी, ज्या मुलांची सगळी ताकद लय चढवण्यात आहे त्यांच्या हातून तीच काढून घेतली जाते. मग ती काय करतात, हे ऐकावे. काही जण शेवटच्या अंतऱ्यात एकेक वाद्य वाढवत नेतात, काही जण पट्टी वर नेतात, आणि काही जण काहीच करीत नाहीत. गाणे जिथून निघाले तिथेच संपते आणि ऐकणाऱ्याला वाटते की मुलांत दम नाही. दम असतो, टिकटिक ठोक्याने तो कुठे गेला ते परीक्षकाने शोधून सांगायचे असते.

स्टुडिओ या शब्दाचा अर्थही दर पिढीत बदलत आला आहे. बीटल्सचा ‘प्लीज प्लीज मी’ हा पहिला अल्बम २२ मार्च १९६३ रोजी आला. त्यातल्या चौदा गाण्यांपैकी दहा ११ फेब्रुवारी १९६३ या एकाच दिवशी लंडनच्या ॲबी रोडवरच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रित झाली, आणि उरलेली चार आधीच्या दोन तबकड्यांवरची होती. दोनच ट्रॅकची फीत असल्यामुळे चौघे एकाच वेळी वाजवत आणि गात. जॉन लेनन यांना त्या दिवशी सर्दी झाली होती, म्हणून घसा फाडणारे ‘ट्विस्ट अँड शाउट’ निर्माते जॉर्ज मार्टिन यांनी सर्वांत शेवटी ठेवले; त्यातला खरखरीतपणा तिथून आला आहे. आज नागपूरच्या छोट्या स्टुडिओतही प्रत्येक वाद्य वेगळे मुद्रित होते, चुकलेली ओळ तेवढीच पुन्हा गाता येते आणि बेसूर सूर संगणकावर सरळ करता येतो. म्हणून आजच्या अल्बममध्ये ‘गायक सुरात आहे’ हे वाक्य फारसे काही सांगत नाही. श्वास ऐकू येतो का, स्वर एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जातो की पायरी चढल्यासारखा उडी मारतो, मींड, म्हणजे ही घसरण, कुठे गायब झाली आहे, हे ऐकावे. खंजिरी असेल तर आणखी एक पाहावे: तिच्या चकत्यांचा आवाज वरच्या भागात चमकतो, आणि मिश्रण करणाऱ्याने काळजी घेतली नाही तर तो गायकाच्या ‘स’ आणि ‘श’ यांवर बसतो व शब्द पुसले जातात.

पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या रंगभूमीवरून आलेला वादक बँडमध्ये असेल तर तोही लगेच ओळखू येतो. दिवाळी ते होळी या हंगामात वडसा परिसरातल्या नाटकांतून रात्रभर वाजवणाऱ्याला मोकळी जागा भरून काढण्याची सवय असते, कारण मंडपात शांतता पसरली की प्रेक्षक चुळबुळ करू लागतात. स्टुडिओत तीच सवय गाण्याला गुदमरवते. याला दोष म्हणावे की शैली, हे गाणे ऐकून ठरवावे.

तिसरे ऐकणे चारचौघांत करावे. पानठेल्यावरचा डबा, ट्रॅक्टरवरचे स्पीकर, काळी-पिवळीतली टेप, आणि मोबाइलचा उघडा स्पीकर, जिथे हा अल्बम खरोखर वाजणार आहे, तिथे तो ऐकावा. मोबाइलवर खर्जातला ठोका नाहीसा झाला की गाण्यात काय उरते, हे लगेच कळते. आवाजाच्या मोठेपणाला मात्र भुलू नये. स्पॉटिफायसारख्या सेवा गाण्यांची पातळी साधारण उणे १४ एलयूएफएस (आवाज किती मोठा वाटतो याचे माप) इतकी आणून ठेवतात, त्यामुळे स्टुडिओत दाबून मोठे केलेले गाणे तिथे इतरांपेक्षा मोठे वाजत नाही, नुसतेच चपटे वाजते.

पहिलेपणाची सूट किती द्यावी

माझ्या मते, फार थोडी. पहिल्या अल्बममध्ये बँडच्या आजवरच्या सगळ्या वर्षांतली निवडक गाणी असतात, त्यामुळे चांगल्या चालींची वानवा असण्याचे कारण नाही. कमी पडतो तो स्टुडिओचा सराव. चाल सामान्य असेल तर तसे स्पष्ट लिहावे, आणि ध्वनिमुद्रण कच्चे असेल तर तेही लिहावे, पण एकाचा राग दुसऱ्यावर काढू नये. आ-हा या नॉर्वेच्या बँडचे ‘टेक ऑन मी’ हे गाणे १९८४ मध्ये पहिल्यांदा आले तेव्हा ब्रिटनमध्ये पडले. निर्माता बदलून ते पुन्हा ध्वनिमुद्रित झाले आणि १९८५ मध्ये अमेरिकेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेले. चाल तीच होती.

इतरांची गाणी किती आणि स्वतःची किती, हेही मोजावे. ‘प्लीज प्लीज मी’मध्ये चौदांपैकी आठ गाणी लेनन आणि मॅकार्टनी यांची होती आणि सहा इतरांची, म्हणून परकी गाणी घेतली एवढ्यावरून कोणाला खाली बसवू नये. बँड आपणहून जमला की कोणी जमवला, यावरही फार वेळ घालवू नये. ‘विवा’ हा पाच मुलींचा बँड दूरचित्रवाणीवरच्या स्पर्धेतून निवडला गेला आणि २००२ मध्ये त्यांचा पहिला अल्बम आला; त्याआधी १९९८ मध्ये ‘सिल्क रूट’चा ‘बूंदें’ आला होता, ज्यातले ‘डूबा डूबा’ अजून लोकांच्या ओठांवर आहे. पहिला बँड निवडलेला, दुसरा स्वतः जमलेला, एवढी नोंद एका वाक्यात करावी आणि गाण्यांकडे वळावे.

वऱ्हाडी कुठे आहे

आपल्याकडच्या बँडच्या शब्दांकडे मात्र थांबून पाहावे लागते. गीतात ‘मले’ आणि ‘कायले’ लिहिले आहे, पण गायक ‘डोये’ न म्हणता ‘डोळे’ म्हणतो आणि ‘जवय’ न म्हणता ‘जवळ’ म्हणतो, असे झाले तर वऱ्हाडी केवळ सजावटीपुरती आली आहे हे ओळखावे. याच्या उलट, सगळे उच्चार अस्सल आहेत, पण वऱ्हाडी ओळ आली की मागे हसण्याचा आवाज किंवा विनोदी वाद्य वाजते, असेही होते. विरह शुद्ध मराठीत आणि गंमत वऱ्हाडीत, ही वाटणी किती गाण्यांत आहे ते मोजून लिहावे. पोळ्याच्या झडत्यांमध्ये, म्हणजे त्या सणाला म्हणायच्या यमकबद्ध ओळींमध्ये, आपल्या माणसांनी याच बोलीत सरकारपासून सावकारापर्यंत सगळ्यांचा समाचार घेतला आहे; त्या बोलीला प्रेमगीताचे ओझे झेपणार नाही, असे मानण्याचे कारण नाही.

प्रत्यक्ष लेखन

सहाशे ते सातशे शब्द पुरतात. पहिल्या वाक्यात अल्बमचे नाव, बँडचे नाव आणि अल्बमविषयीचे आपले मुख्य म्हणणे यावे. ‘संगीत ही मानवाला मिळालेली देणगी आहे’ अशी सुरुवात करणाऱ्याचा लेख संपादकाने दुसऱ्या परिच्छेदापासून छापावा; बहुतेक वेळा काही बिघडत नाही. ‘श्रवणीय’, ‘सुमधुर’ आणि ‘ठेका धरायला लावणारे’ हे तीन शब्द महिनाभर वापरायचे नाहीत, असे स्वतःला बजावून पाहावे. ‘पाचवे गाणे अतिशय श्रवणीय झाले आहे’ याऐवजी ‘पाचव्या गाण्यात मुखड्यानंतर खंजिरी पूर्ण थांबते आणि फक्त तंबोऱ्यासारख्या एका स्वरावर गायिका अख्खा अंतरा गाते, अल्बममधली ही एकच जागा आहे जिथे शब्द शेवटपर्यंत ऐकू येतात’ असे लिहिले, तर स्तुतीही होते आणि उरलेल्या गाण्यांवरची टीकाही.

सगळ्या गाण्यांविषयी लिहिण्याचा हट्ट सोडावा. चार गाण्यांवर नीट लिहून बाकीच्यांचा उल्लेख करणे बरे. प्रत्येक मताला एक जागा दाखवता आली पाहिजे. जागा सापडत नसेल तर मत काढून टाकावे.

नाते असेल तर ते छापावे. माझ्या पहिल्या परीक्षणात मी ढोलकाला दोन परिच्छेद दिले होते आणि ढोलक वाजवणारा माझा भाचा आहे हे लिहिले नव्हते. अंक आला त्या संध्याकाळी पानठेल्यावर एका म्हाताऱ्या कास्तकाराने विचारले, “गुर्जी, अल्बम ढोलकाचा हाय का गान्याचा?” तेव्हापासून नात्याची ओळ मी पहिल्या परिच्छेदातच लिहितो. तालुक्यात नाते नाही असा माणूस मिळणे कठीण आहे, म्हणून नाते असणाऱ्याने लिहूच नये, हा नियम इथे चालणार नाही.

तारे किंवा गुण द्यायचे की नाही, हे संपादकावर सोडावे. कोणी पाचांपैकी तारे देते, कोणी दहांपैकी गुण, आणि अमेरिकन समीक्षक रॉबर्ट क्रिस्टगाऊ यांनी तर शाळेच्या प्रगतिपुस्तकासारखी अक्षरे दिली. आपल्याकडे एकदा गुण दिले की लोक तेवढेच वाचतात.

इतरांची परीक्षणे कशी वाचावीत

अल्बमला सहा महिने झाले की कोणी तरी ‘त्याचे स्वागत कसे झाले’ असा लेख मागते. त्यासाठी आधी जमवलेल्या मजकुराचे ढीग करावेत. बँडने पाठवलेल्या पत्रकावरून छापलेली बातमी हा एक ढीग. ती परीक्षण नाही, आणि चार वर्तमानपत्रांत एकच वाक्य सापडले की तिचे मूळ कळते. सत्कार समारंभातली भाषणे हा दुसरा ढीग. ऐकणाऱ्यांचे अभिप्राय, पाहणाऱ्यांचा आकडा आणि विक्री हा तिसरा. ज्याने अल्बम ऐकून, स्वतःच्या नावाने आणि कारणे देऊन लिहिले, तो चौथा ढीग, आणि समीक्षकांचे स्वागत म्हणजे एवढाच. आपल्याकडे त्यात एखादाच कागद असतो.

तिसरा आणि चौथा ढीग एकमेकांत मिसळू नयेत. स्पाइस गर्ल्स यांच्या १९९६ मधल्या ‘स्पाइस’ या पहिल्या अल्बमच्या जगभर दोन कोटींहून अधिक प्रती खपल्या, पण समीक्षकांची मते तेव्हा संमिश्र होती. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि दोन्ही स्वतंत्र वाक्यांत लिहिता येतात.

प्रत्येक परीक्षणापुढे तारीख लिहावी, कारण मत बदलते. लेड झेपेलिन या रॉक बँडचे उदाहरण बोलके आहे: त्यांच्या जानेवारी १९६९ मधल्या पहिल्या अल्बमवर ‘रोलिंग स्टोन’ नियतकालिकाने कठोर टीका केली होती, आणि त्याच नियतकालिकाने २००३ मध्ये पाचशे सर्वश्रेष्ठ अल्बमांच्या यादीत त्याला २९ वे स्थान दिले. १९६७ च्या ‘द व्हेल्व्हेट अंडरग्राउंड अँड निको’ या अल्बमची गोष्टही अशीच, अमेरिकेतल्या बिलबोर्ड नियतकालिकाच्या खपाच्या यादीत तो तेव्हा १७१ व्या क्रमांकापलीकडे चढला नाही, आणि आज रॉकचा इतिहास त्याला वगळून लिहिता येत नाही. तेव्हाचे मत आणि नंतरचे मत एका वाक्यात कोंबून ‘समीक्षकांनी गौरवलेला अल्बम’ असे लिहिले तर दोन्हींवर अन्याय होतो. सरासरीचा आकडाही असाच जपून वापरावा. मेटाक्रिटिक हे संकेतस्थळ अनेक परीक्षणांवरून शंभरपैकी एक आकडा काढते आणि काही प्रकाशनांच्या मताला जास्त वजन देते. साठ हा आकडा सगळ्यांना अल्बम बरा वाटल्यानेही येतो आणि अर्ध्यांना फार आवडून अर्ध्यांना मुळीच न आवडल्यानेही येतो. म्हणून आकड्यामागची दोन-तीन परीक्षणे वाचल्याशिवाय आकडा छापू नये.

चौथ्या ढिगात एकच परीक्षण असेल तर ‘एका साप्ताहिकात परीक्षण आले’ असे लिहावे, ‘सर्वत्र कौतुक झाले’ असे लिहू नये. आणि ते एकमेव परीक्षण आपणच लिहिलेले असेल, तर तेही सांगावे. उतारा घेताना पूर्ण वाक्य घ्यावे. ‘खंजिरी अप्रतिम, पण गाणी ऐकू येत नाहीत’ या माझ्या वाक्यातले पहिले दोनच शब्द एका बँडने फलकावर छापले होते. तो फलक बसथांब्यासमोर पावसाळाभर टांगलेला होता, आणि मला तो रोज दिसत असे.

लेख छापण्यापूर्वी बँडला दाखवू नये. नावे, वर्षे आणि गाण्यांच्या लांबी तेवढ्या फोनवर ताडून घ्याव्यात. अंक निघाल्यावर एक प्रत आपण स्वतः नेऊन द्यावी आणि चहा झाल्याशिवाय उठू नये. ढोलकवाल्याचे काही म्हणणे असेल तर ते तेव्हाच ऐकावे, आणि त्यात वस्तुस्थितीची चूक निघाली तर पुढच्या अंकात त्याच पानावर दुरुस्ती छापावी.